ग्रेस लीब्लाइन, आणि गाड्यांच्या कारखान्यात हाताला धरून शिकवणारी माणसं

रानजाई (मिशिगन)

नमस्कार मंडळी. डेट्रॉइटच्या परिसरात सोळा वर्षं गाड्यांच्या बॉडीचं काम करतेय, त्यातही दारं आणि दारांभोवतीची रबरं. गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळात कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलींशी गप्पा मारायला मला बोलावलं होतं. एकीनं विचारलं, "मावशी, जनरल मोटर्सची प्रमुख मेरी बारा सोडून या धंद्यात वरपर्यंत गेलेली दुसरी कुणी इंजिनिअर बाई आहे का?" मी लगेच ग्रेस लीब्लाइन म्हणाले. खोलीत एकीलाही नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्या आयांनाही नाही, आणि त्यातल्या दोघी तर गाड्यांच्याच कंपन्यांत आहेत. ते मनाला लागलं, म्हणून हा धागा.

ग्रेस लॉस एंजेलिसची. वडील क्यूबाचे, आई निकाराग्वाची. १९७८ साली ती जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) लॉस एंजेलिसमधल्या असेंब्ली कारखान्यात शिकाऊ विद्यार्थिनी म्हणून लागली. शिक्षण मिशिगनमधल्या फ्लिंटच्या जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमध्ये, त्यालाच आता केटरिंग विद्यापीठ म्हणतात. १९८३ला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदवी, १९८७ला मिशिगन स्टेट विद्यापीठातून मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी.

या कॉलेजबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. १९१९ साली ते कामगारांसाठी रात्रशाळा म्हणून सुरू झालं. पुढे पदवी कॉलेज झालं तरी मूळ चाल सुटली नाही: काही आठवडे वर्गात, मग काही आठवडे कारखान्यात, परत वर्गात. मेरी बाराही तिथलीच. तीही १९८० साली अशीच पाँटिॲकमध्ये शिकाऊ म्हणून लागली होती. अठराव्या वर्षी मुलगी लाइनवर, म्हणजे गाड्या जोडल्या जातात त्या रांगेवर, उभी राहते तेव्हा तिला कुणीतरी दाखवावंच लागतं की पाना कसा धरायचा, कुठल्या स्टेशनवर माल तुंबतो, फोरमनशी कसं बोलायचं. हल्ली मेंटॉरिंगचे कार्यक्रम असतात, फॉर्म भरून जोड्या लावतात. तिथे शिकवणारा माणूस कामातच मिळायचा, वेगळा शोधावा लागायचा नाही.

पुढे ती ब्यूक एन्क्लेव्ह, जीएमसी अकेडिया आणि सॅटर्न आउटलुक या तीन भावंडांची मुख्य इंजिनिअर झाली. तीन रांगांच्या मोठ्या कुटुंबाच्या गाड्या, एकाच सांगाड्यावर बेतलेल्या, २००६-०७मध्ये बाजारात आलेल्या. मुख्य इंजिनिअर म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. इंजिनवाल्याला जागा हवी असते, एसीवाल्याला तीच हवी असते, स्टायलिंगवाल्यांना बॉनेट खाली हवं असतं, अपघात-सुरक्षावाल्यांना वर. प्रत्येकाचं बरोबरच असतं. त्या सगळ्यांना एका खोलीत बसवून वजन, किंमत आणि तारीख सांभाळत "हे असं होईल" असं जी म्हणते, आणि चुकलं तर जिच्याकडे बोट जातं, ती मुख्य इंजिनिअर.

जानेवारी २००९मध्ये ती जीएम मेक्सिकोची अध्यक्ष झाली, त्या खुर्चीवरची पहिली बाई. वेळ बघा. एप्रिलमध्ये मेक्सिकोत स्वाइन फ्लू. (आपल्याकडे पुण्यात ऑगस्टमध्ये मास्कसाठी रांगा लागल्या त्या आठवत असतील. ते सगळं तिकडे चार महिने आधी झालं.) आणि १ जूनला तिकडे अमेरिकेत मूळ कंपनीनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वर्षात हजारो लोकांना रोज सकाळी "कारखाना चालू आहे" असं सांगायचं. २०११मध्ये तिला ब्राझीलला पाठवलं, २०१२च्या अखेरीला जगभरच्या खरेदीची प्रमुख केलं, २०१४मध्ये जगभरच्या दर्जाची. २०१६मध्ये ती निवृत्त झाली.

आता माझी गोष्ट. माझी पहिली वरिष्ठ मेक्सिकन वंशाची, डेट्रॉइटच्या नैऋत्य भागात वाढलेली. तिचं नाव देत नाही, ताई म्हणते. मनातल्या मनात तेच म्हणत आले आहे.

माझं दुसरं वर्ष. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत यायचं, शंभरातल्या तीन-चार गाड्यांत. मी संगणकावर टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची, गणितं मांडून थकले. ताईनं फाइल बघितली, मिटली आणि म्हणाली, "उद्या पहाटे साडेपाचला गेटवर ये. सेफ्टी शूज घालून."

गेले. तिनं पाकिटातून एक डॉलरची नोट काढली, दार आणि रबर यांच्यामध्ये धरली, दार लावलं आणि नोट ओढली. नोट अडकत अडकत आली, म्हणजे रबर दाबून बसलंय. चार बोटं पुढे सरकून परत तेच. असं करत कोपऱ्याशी आली तेव्हा नोट लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मग नोट माझ्या हातात दिली. "वीस दारं तपास. आणि हा माणूस काय म्हणतो ते ऐक."

हा माणूस म्हणजे तिथे रबर बसवणारा ऑपरेटर. वीस दारं होईपर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. विचारल्यावर त्यानं एका वाक्यात सांगितलं: कडाक्याची थंडी पडली की होतं. मला खोक्यांपाशी घेऊन गेला. रबराची लांब पट्टी खोक्यात मावावी म्हणून दुमडून भरलेली, खोकी रात्रभर बाहेर ट्रेलरमध्ये. पेटीत ठेवलेल्या लुगड्याला घडी पडते तशी रबराला पडलेली. सकाळी तीच पट्टी दारावर चढायची, आणि घडी बरोबर कोपऱ्यावर यायची. आम्ही खोकं लांब केलं आणि माल एक रात्र आत उबेला ठेवायला सांगितलं. पाणी थांबलं.

ताईनं दोन गोष्टी सांगितल्या. अहवालात पहिलं नाव त्या ऑपरेटरचं. आणि आढावा बैठकीत बोलायचं मी. बैठकीत दुसऱ्या विभागाचे एक गृहस्थ माझी स्लाइड लावून स्वतःच सांगायला लागले. मी गप्प. ताई आवाज न चढवता म्हणाली, "हे काम जिनं केलंय ती इथे बसलीय. तिच्याकडून ऐकू या."

चौदा वर्षं झाली. ते वाक्य आजही जसंच्या तसं आठवतं.

तुम्हाला असं कुणी भेटलं का? लिहा.

---

फौंड्रीवाला (कोल्हापूर)

रानजाई, तुमची डॉलरची नोट वाचून अंगावर काटा आला. आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साचे करायची (मोल्डिंगची) वाळू मुठीत दाबून बघतात. मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, आणि मोडला की कड स्वच्छ तुटली पाहिजे. लॅबमध्ये ओलाव्याचा आकडा काढायचं यंत्र आहे, पण मिस्त्री मूठ बघतो आणि आकडा आधीच सांगतो.

मेंटॉर या शब्दाला आमच्याकडे वस्ताद म्हणतात. तालमीतला वस्ताद काठावर बसून भाषण देत नाही, लाल मातीत उतरतो. पण एक म्हण आहे की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मी तीस वर्षांत अशी माणसं पुष्कळ बघितली. गेटिंग (साच्यात धातू शिरायची वाट) कुठे द्यायचं ते सांगतील, पण रायझर (धातू आकसला की भर घालणारा जादा साठा) किती ठेवायचा ते सांगणार नाहीत. शिकणारा कायम त्यांच्या दारात उभा राहावा म्हणून. तुमच्या ताईनं तो राखलेला डाव पण देऊन टाकला, भर बैठकीत. ही मोठी गोष्ट आहे.

---

ट्रेनी२२ (चाकण)

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल डिप्लोमा, मग डिग्री, आता चाकणला एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या) ट्रेनी इंजिनिअर. आठ महिने झाले. माझ्याबरोबर लागलेल्या दोन मुलांना लाइनवर टाकलं. मला पहिल्या दिवसापासून पीपीटी (स्लाइड्स) आणि मिनिट्स (बैठकांच्या नोंदी). सर चांगले आहेत, ओरडत नाहीत. पण म्हणतात, "तुझं इंग्लिश चांगलंय, तू हेच बघ, शॉपवर कशाला घाण करून घेतेस."

मला शॉपवर, जिथे प्रत्यक्ष माल बनतो तिथे, जायचंय. आमच्याकडे ताईंसारखं कुणी नाही, एकही सिनिअर बाई नाही. कुणाला आणि कसं विचारू?

---

बोरकूट

लेख आवडला, पण एक खटकलं ते स्पष्ट लिहितो. एक बाई अध्यक्ष झाली याचा आनंद आहेच. पण त्याच जीएम मेक्सिकोच्या सिलाओच्या कारखान्यात, जिथे पिकअप ट्रक बनतात, कामगारांना वर्षानुवर्षं अशी युनियन होती की जी त्यांनी निवडलीच नव्हती. ऑगस्ट २०२१मध्ये त्यांनी मतदान करून जुना करार फेटाळला. फेब्रुवारी २०२२मध्ये सिंतिया नावाच्या स्वतंत्र युनियनला निवडून दिलं. तिची सरचिटणीस आलेहांद्रा मोरालेस रेनोसो, त्याच कारखान्यातली कामगार बाई. मे महिन्यात ८.५ टक्के पगारवाढ मिळवली.

मुलींना सांगताना हीही गोष्ट सांगा. वर पोचलेली एक आणि खाली उभ्या असलेल्या हजारो, यात मेंटॉरिंग कुणाच्या वाट्याला येतं?

---

रानजाई

बोरकूट, मान्य, पूर्ण मान्य. आलेहांद्रा मोरालेसचं नाव मी पुढच्या वेळी त्या मुलींना नक्की सांगणार. ऑपरेटरचं नाव अहवालात पहिलं का, याचं उत्तरही तुमच्या प्रश्नातच आहे. ताईचे वडील आयुष्यभर तासाच्या पगारावर लाइनवर होते. ती म्हणायची, वडिलांना जे कळत होतं ते त्यांना कुठल्या इंजिनिअरनं कधी विचारलंच नाही.

खालच्या माणसाचं वर पोचलं नाही की काय होतं त्याचं ढळढळीत उदाहरण २०१४चं आहे. जीएमच्या इग्निशन स्विचमध्ये आत एक छोटी स्प्रिंग आणि खिट्टी असते. तिची पकड ढिली होती. किल्लीला गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला आणि गाडी खड्ड्यात आदळली, की किल्ली फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगही उघडायची नाही. मधल्या काळात तो सुटा भाग सुधारला गेला, पण भागाचा नंबर बदलला नाही, त्यामुळे तपास करणाऱ्यांना जुना-नवा फरकच कळेना. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईच्या निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. एका नंबरामुळे, आणि बऱ्याच जणांनी बऱ्याच वर्षांत मान खाली घातल्यामुळे. त्याच वर्षी कंपनीनं कुणालाही धोका थेट कळवता येईल अशी सोय सुरू केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ग्रेस लीब्लाइन दर्जाची प्रमुख झाली. मला तिच्या सगळ्या पदांत हे सगळ्यात जड वाटतं. मेक्सिकोत निदान संकट बाहेरून आलं होतं.

नवीन मुलीला पहिल्या वर्षी काय शिकवावं असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन: वाईट बातमी वेळेवर कशी सांगायची. ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. ताईनं मला वाक्य घोकून घ्यायला लावलं होतं. "मला काय दिसलं, किती दिसलं, मला अजून काय बघायचंय." एवढंच. त्यात "सॉरी" नाही आणि "बहुतेक माझंच चुकलं असेल" नाही. ते दुसरं वाक्य मी प्रत्येक वेळी जोडायचे आणि ती प्रत्येक वेळी खोडायची.

ट्रेनी२२, तुझं वाचलं. नीट लिहिते, रात्री.

---

इंद्रायणीकाठ (तळेगाव)

ट्रेनी२२, रानजाईंच्या आधी मी थोडं लिहू का? मी दर्जा विभागात सत्तावीस वर्षं काढली. आमच्या तळेगावात जीएमचा कारखाना २००८ला सुरू झाला, डिसेंबर २०२०ला तिथलं उत्पादन थांबलं, पुढे तो ह्युंदाईनं घेतला. त्यामुळे या गावात गाड्यांतली माणसं खूप. विचारायला लाजू नकोस, तुझ्या आसपासच कुणी ना कुणी असेल.

आमच्या वेळी शॉपवर बाई का नसायची तर पहिलं उत्तर कायद्याचं होतं. १९४८च्या कारखाने कायद्यातलं कलम ६६, संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बाईला कारखान्यात काम द्यायचं नाही. तीन पाळ्यांचा कारखाना म्हणायचा, मग घेताच कशाला. पुढे महाराष्ट्रात अटी घालून रात्रपाळीची मुभा झाली. पण कायदा बदलला तरी "घाण करून घेतेस कशाला" हे राहिलं. तुझे सर वाईट नाहीत, त्यांना ती काळजीच वाटते. म्हणून त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना वाटून दे की हे त्यांच्याच फायद्याचं आहे.

असं कर. तू मिनिट्स लिहितेस, म्हणजे कुठली तक्रार दर आठवड्याला परत परत येते ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यातली एक उचल. सगळ्यात मोठी नको, सगळ्यात चिवट. सरांना सांग, "सर, हा मुद्दा सहा वेळा मिनिट्समध्ये आलाय. मला दोन आठवडे पहिल्या पाळीला एक तास लाइनवर उभं राहू द्या, मी मोजून आणते." एक तास म्हण. एक तासाला कुणी नाही म्हणत नाही.

आणि लाइन लीडरला पहिल्या दिवशी काही विचारू नकोस. नुसती उभी राहा, बघ. दुसऱ्या दिवशी तोच विचारेल, मॅडम काय पाहिजे.

---

रानजाई

इंद्रायणीकाठ, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. मनापासून आभार.

ट्रेनी२२, सिनिअर बाई नाही म्हणून अडून बसू नकोस. तुला दोन वेगवेगळी माणसं लागणार आहेत. एक शिकवणारं. ते कुणीही असू शकतं, लाइन लीडर, टूलरूममधले काका, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. दुसरं तू खोलीत नसताना तुझं नाव घेणारं, आणि ते मात्र खुर्चीवरचंच लागतं. पहिल्याची परतफेड तू लक्ष देऊन शिकून करतेस. दुसरा तुझ्यासाठी स्वतःची पत लावतो, म्हणून त्याला तुझं काम डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नुसत्या चांगल्या इंग्लिशवर कुणी पत लावत नाही. बऱ्याच मुली पहिल्या प्रकारची माणसं गोळा करतात आणि बढतीच्या वेळी एकट्या पडतात. मीही पडले होते, ताई निवृत्त झाल्यानंतरची दोन वर्षं.

ताईला हे कुणी शिकवलं? ती विद्यार्थी असताना हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक, लॅटिन अमेरिकी मुळं असलेल्या) इंजिनिअरांच्या संस्थेच्या शाखेत जायची. ती संस्था १९७४मध्ये लॉस एंजेलिसला तिथल्या महापालिकेत नोकरी करणाऱ्या इंजिनिअरांनी काढली, आपल्यासारखी दिसणारी पोरं या पेशात यावीत म्हणून. ग्रेस लीब्लाइन त्याच शहरात चारच वर्षांनी कारखान्यात पाऊल ठेवत होती. ताईच्या शाखेत एक रिवाज होता, असं ती सांगायची: ज्याला नोकरी लागली त्यानं पुढच्या वर्षी दोघांचे बायोडेटा हातात घेऊन बसायचं. ती शेवटपर्यंत बसत राहिली. माझाही बायोडेटा तिनंच लाल शाईनं रंगवला होता, आणि मी तर हिस्पॅनिक नाही.

एकदा तिनं मला डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात नेलं. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरानं १९३२-३३मध्ये तिथल्या अंगणाच्या चारही भिंती रंगवल्या आहेत. २७ चित्रं, त्यातली सगळ्यात मोठी दोन फोर्डच्या रूज कारखान्यातली. पैसे हेन्री फोर्डचा मुलगा एड्सेल फोर्ड याचे. इंजिनचे ब्लॉक, वाकलेल्या पाठी, प्रचंड प्रेस. तिनं मला एका जागी उभं केलं आणि म्हणाली, माझे पणजोबा इथे, या कारखान्यात होते. मग मंदी आली. मेक्सिकन कुटुंबांना आगगाडीत बसवून सीमेकडे रवाना केलं, त्यात मिशिगनमध्ये जन्मलेली मुलंही होती. रिव्हेरानंही सुरुवातीला त्या परतपाठवणीला पाठिंबा दिला होता, हे तिनंच सांगितलं. तिचे पणजोबा गेले. आजोबा मोठे होऊन परत आले आणि फौंड्रीत लागले. मग वडील लाइनवर. मग ती.

ती फार वेळ काही बोलली नाही. मग एका चित्रातल्या दाराच्या पॅनेलकडे बोट करून म्हणाली, "बघ, ही फट किती एकसारखी काढलीय त्यानं." आम्ही दोघी दारांच्याच बायका, तेवढंच दिसणार.

---

फौंड्रीवाला

रानजाई, हे वाचून ऑफिसात दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्याकडे कालच एक डिप्लोमाची पोरगी इंटरव्ह्यूला आली होती. मोल्डिंगला टाका म्हणत होती. मी डिस्पॅचला घेतो म्हणालो होतो. उद्या फोन करतो तिला.

---

ट्रेनी२२ (चाकण)

धागा वर काढतेय, पाच आठवड्यांनी. माफ करा, उशीर झाला.

मिनिट्स काढून बघितल्या. एका ब्रॅकेटचं भोक जुळत नाही म्हणून ग्राहकाकडून माल परत येत होता, नऊ वेळा लिहिलेलं होतं, मीच लिहिलेलं. सरांना इंद्रायणीकाठ काकांनी सांगितलं तसंच म्हणाले. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एकच तास हं."

पहिल्या दिवशी नुसती उभी राहिले. दुसऱ्या दिवशी लाइन लीडर दादांनी खरंच विचारलं, मॅडम काय पाहिजे. चौथ्या दिवशी त्यांनीच फिक्श्चरची (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाची) लोकेटिंग पिन दाखवली, भाग नेमक्या जागी बसवणारी. एका बाजूनं झिजलेली, बोट फिरवलं की कळतं, डोळ्यांना दिसत नाही. पिन बदलायची नोंद दर महिन्याची होती, पण दोन्ही पाळ्या धरून आता माल दुप्पट निघतो, ती नोंद जुन्या आकड्यावरची. मी मायक्रोमीटरनं मोजून रोज लिहिलं. आता दर पंधरा दिवसांनी पिन तपासतात.

अहवालात पहिलं नाव दादांचं टाकलं. सरांनी विचारलं, हे का? मी सांगितलं, त्यांनीच दाखवलं. सर काही बोलले नाहीत, पण प्लांट हेडसमोर मला उभं केलं. हात थरथरत होते. "मला काय दिसलं, किती दिसलं, अजून काय बघायचंय" एवढंच बोलले. शेवटी "सॉरी" तोंडात आलं होतं, गिळलं.

पीपीटी अजून माझ्याकडेच आहे. पण एक तासाचे तीन तास झालेत, आणि सोमवारपासून सकाळच्या पाळीला लाइनवर.

रानजाई ताई, एक विचारायचं होतं. आमच्याकडे दाराची रबरं नाहीत, पण एका झाकणाला गॅस्केट (गळती थांबवणारी पातळ चकती) आहे. नोटेची युक्ती त्याला चालेल का?

---

रानजाई

चालेल. पण नोट जाड पडेल. पातळ ट्रेसिंग पेपरची बोटभर पट्टी काप, बोल्ट नेहमीच्याच टॉर्कला (ठरलेल्या जोरानं) आवळ, आणि चारही कोपरे तपास. प्रत्येक वेळी नवी पट्टी घे, जुनी चुरगळलेली असते. आणि ज्यांनी तुला पिन दाखवली त्या दादांना शेजारी उभं कर. आकडे इथे टाक, आपण बघू.